डिझाइन कॉलेजात नव्याने शिकवताय? मुलांचं मन सांभाळायची तयारी पहिल्या दिवसापासून करा

बी.डेस. (डिझाइन), बी.आर्क. (आर्किटेक्चर) किंवा बी.एफ.ए. अप्लाइडच्या (उपयोजित कला) वर्गावर पहिल्यांदाच शिकवायला जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुमच्यातले बरेच जण थेट प्रॅक्टिसमधून येतात. कुणी आर्किटेक्टच्या ऑफिसातून, कुणी जाहिरात एजन्सीतून, तर कुणी स्वतःचा छोटा स्टुडिओ सांभाळून आठवड्याचे दोन दिवस व्हिजिटिंग म्हणून. काम उत्तम येत असतं, पण शिकवायचं कसं हे कुणी सांगितलेलं नसतं. मग आपल्याला जसं शिकवलं तसंच आपण शिकवायला लागतो. रात्र रात्र जागायला लावायचं, शीट भिंतीवर लावून सगळ्यांसमोर झोडपायचं आणि वर 'फील्डमध्ये याहून वाईट असतं' असं ऐकवायचं.

डिझाइनच्या शिक्षणात एक अवघड गोष्ट आहे. गणित चुकलं तर तेवढं गणित चुकतं. पोस्टर, खुर्ची किंवा घराचा प्लॅन मात्र मुलाने स्वतःच्या आवडीनिवडीतून, स्वतःच्या डोक्यातून काढलेला असतो. तो मोडीत निघाला की आपणच मोडीत निघालो असं अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला वाटतं. त्यात बरोबर उत्तर कुठल्या पुस्तकाच्या मागे छापलेलं नसतं. परवा ज्याला सरांनी मान डोलावली, त्यालाच आज मॅडम 'पुन्हा कर' म्हणतात. ही सततची अनिश्चितता, चारचौघांत होणारा न्याय आणि अपुरी झोप, असं सगळं एकाच सेमिस्टरमध्ये मुलांच्या वाट्याला येतं.

माझं मत स्पष्ट आहे. समुपदेशक हवाच, आजार असेल तर उपचारही हवेत. पण कॉलेजमध्ये समुपदेशक नेमला म्हणजे आपलं काम झालं असं समजू नका. वेळापत्रक, ब्रीफ (काय काम करायचं ते सांगणारा कागद) आणि जूरी (परीक्षकांसमोर काम मांडायची तपासणी) या तिन्ही गोष्टी शिक्षकाच्या हातात असतात आणि मुलांच्या मनावरचा बराचसा ताण इथूनच येतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी १: वर्गात कोण बसलंय ते आधी समजून घ्या

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळवलेला, शाळेचे फळे रंगवणारा, गल्लीतल्या गणपतीची आरास ज्याच्याशिवाय होत नाही असा मुलगा तुमच्या वर्गात येतो. आजूबाजूला पाहतो तर सगळेच तसे. आजवर 'चित्रकला चांगली' हीच त्याची ओळख होती आणि ती पहिल्या आठवड्यात संपते. शेजारी एखादी मुलगी असते, जिने यूसीड किंवा नाटा या प्रवेश परीक्षेसाठी एक वर्ष ड्रॉप घेतलेला असतो. कुणाच्या घरी 'चित्रं काढून पोट भरतं का?' हा वाद अजून मिटलेला नसतो, त्यामुळे पहिल्या नापासावर घरून काय ऐकावं लागेल हे त्याला पक्कं माहीत असतं. नांदेड, नंदुरबार, सिंधुदुर्गातून मराठी माध्यमातून आलेली मुलं असतात. कॉन्टेक्स्ट, नॅरेटिव्ह, इंटरव्हेन्शन असे शब्द डोक्यावरून जात असतात, तरी ती मान हलवत राहतात, कारण विचारलं तर हसतील अशी भीती असते.

पहिल्या आठवड्यात एक साधा कागद भरून घ्या. कॉलेजला यायला-जायला किती वेळ लागतो? राहायला घरी, हॉस्टेलला की पीजीमध्ये? लॅपटॉप स्वतःचा आहे का? ए-वन आकाराचा मोठा कागद पसरून काम करायला राहत्या जागी टेबल किंवा मोकळी जमीन आहे का? कामाबद्दल कोणत्या भाषेत मोकळेपणाने बोलता येतं? आणि शेवटी, वाटलं तरच उत्तर द्यायचं असा एक प्रश्न: मला आणखी काही माहीत असायला हवं का? आजारपणाबद्दल थेट विचारू नका, तो तुमचा अधिकार नाही. कागद स्वतःकडे ठेवा, स्टाफरूममध्ये वाचून दाखवू नका.

या कागदाचा उपयोग लगेच कळतो. कसाऱ्याहून सीएसएमटीला येणारा मुलगा एका बाजूने दोन-सव्वादोन तास लोकलमध्ये असतो. सनबोर्डचं (फोमच्या हलक्या पाट्यांचं) मॉडेल गर्दीच्या वेळी लगेजच्या डब्यात उराशी धरून आणताना त्याचं छप्पर चेपलं, तर तो निष्काळजीपणा नसतो. हे आधी माहीत असेल तर मॉडेल कॉलेजातच करायची आणि कपाटात ठेवायची सोय करता येते.

पायरी २: तास मोजा, मग तारीख द्या

प्रत्येक शिक्षक आपापल्या विषयापुरता विचार करतो आणि पाच विषयांची सबमिशन्स एकाच आठवड्यात येऊन पडतात. सेमिस्टर सुरू होण्याआधी सगळ्या विषयांच्या तारखा एका मोठ्या कागदावर लिहून स्टाफरूमच्या भिंतीवर लावा. तुम्ही नवे आहात, व्हिजिटिंग आहात, तरी हे सुचवायला कुणाची हरकत नसते. एचओडींना (विभागप्रमुखांना) सांगा, 'मी तक्ता करून देते, तुम्ही फक्त सगळ्यांना तारखा भरायला सांगा.' तारखांची टक्कर कुठे होते ते कागदावर दिसलं की वाद न घालता अर्ध्या तारखा हलतात.

नंतर स्वतःच्या ब्रीफकडे वळा. हाताने रंगवलेली एक ए-टू शीट पहिल्या वर्षाच्या मुलाला किती तास घेते? अंदाजाने सांगू नका. स्वतः एक करून बघा, घड्याळ लावा आणि आलेल्या वेळेची तिप्पट करा. तुमचा हात पंधरा वर्षं बसलेला आहे, त्याचा नाही. अशा चार शीट, एक मॉडेल आणि प्रोसेसची वही मागितली असेल, तर एकूण तास आठवड्यात मावतात का ते लिहून काढा. मावत नसतील तर एक शीट कमी करा. शिकण्यात काही घट होत नाही, उलट उरलेल्या तीन शीट विचार करून होतात.

सबमिशनची वेळही विचारपूर्वक ठरवा. सोमवारी सकाळी नऊ ही वेळ दिली की मुलाचा शनिवार, रविवार आणि रविवारची रात्र गेलीच म्हणून समजा. शुक्रवारी दुपारी चार ही वेळ बरी, कारण आदल्या रात्री झोपूनही सकाळी हात फिरवायला वेळ उरतो आणि नंतर दोन दिवस मोकळे मिळतात. शिवाय सेमिस्टरभरात प्रत्येकाला एकदा, कारण न विचारता, दोन दिवसांची सवलत द्या. आजोबा वारले, लोकल बंद पडली, ताप आला अशी कारणं सिद्ध करायला लागू नयेत म्हणून हे. सगळ्यांना सारखीच असल्यामुळे कुणावर मेहेरबानी केल्यासारखंही होत नाही.

'नाईट मारली' हे डिझाइनच्या मुलांचं अभिमानाने सांगायचं वाक्य आहे आणि त्या अभिमानाला खतपाणी आपणच घालतो. १७ ते १९ तास सलग जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतक्या मंदावतात, असं संशोधनात दिसून आलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. अशा अवस्थेत तो पहाटे कटरने सनबोर्ड कापतो आणि मग पाठीला शीटची नळी अडकवून दुचाकीवर कॉलेजला निघतो. अमेरिकेत आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये या स्टुडिओ संस्कृतीवर अहवाल काढला. त्यानंतर तिथल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाने प्रत्येक कॉलेजला स्टुडिओ संस्कृतीचं लेखी धोरण ठेवायला लावलं. तुमच्या वर्गापुरतं असं अर्ध्या पानाचं धोरण तुम्ही मुलांबरोबर बसून लिहू शकता. त्यात एक वाक्य नक्की असू द्या: रात्री किती जागलात याचे गुण मिळणार नाहीत. आणि जूरीत 'दिसतंय, रात्रभर जागून केलंय' असं कौतुक तुमच्या तोंडून कधीही निघू देऊ नका.

पायरी ३: ब्रीफमध्ये खर्चाची मर्यादा लिहा

पैशाचा ताण मुलं बोलून दाखवत नाहीत. लेझर कटिंग, रंगीत प्रिंट, आयात कागद, सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन असा खर्च दर पंधरवड्याला घरी मागायचा म्हणजे काय होतं, हे ज्याच्या घरी पगार महिन्याच्या वीस तारखेला संपतो त्यालाच कळतं. मग 'सर, घरी राहिलं' असं खोटं सांगितलं जातं. म्हणून ब्रीफवर स्पष्ट लिहा: या कामाचा खर्च अमुक रुपयांच्या वर जाता कामा नये, जास्त खर्चाला जास्त गुण नाहीत. पुठ्ठा, खोक्यांचा कोरुगेटेड कागद, जुनी वर्तमानपत्रं यांतून अभ्यासाची मॉडेल्स करायला लावा. महागडं साहित्य फार तर शेवटच्या मॉडेलला.

शिष्यवृत्तीची माहिती नव्या शिक्षकालाही असायला हवी. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांचे अर्ज भरता येतात. अनुसूचित जातीच्या, बाहेरगावी राहणाऱ्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये काढला. आपल्या अभ्यासक्रमाला यातलं काय लागू होतं ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात स्वतः जाऊन विचारून ठेवा. 'ऑफिसात चौकशी कर' म्हणणं आणि 'खिडकी नंबर दोनवर जा, उत्पन्नाचा दाखला घेऊन जा' म्हणणं यात फार फरक आहे.

पायरी ४: जूरी नव्याने बांधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण मुलं शिक्षण विसरतील पण जूरीत ऐकलेलं वाक्य विसरत नाहीत. चाळिशीतले आर्किटेक्ट, डिझायनर तुम्हाला विसाव्या वर्षी ऐकलेलं वाक्य शब्दशः म्हणून दाखवतील.

जूरीची पद्धत पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेतून जगभर गेली. एकोणिसाव्या शतकात तिथे परीक्षक बंद दाराआड कामं पाहत. मुलाला उभं करून सगळ्यांसमोर प्रश्न विचारण्याची रीत नंतरची. म्हणजे आज आपण जी जूरी घेतो ती काही दगडावरची रेघ नाही. बदलता येते.

जूरीच्या आठवडाभर आधी निकष लेखी द्या. वापरणाऱ्याचा अभ्यास किती, पर्याय किती तपासले, रेखाटन किती स्पष्ट, असे चार-पाच मुद्दे आणि प्रत्येकाचे गुण. हाच कागद बाहेरून येणाऱ्या जूररलाही पाठवा आणि फोनवर दोन गोष्टी सांगा: हे दुसऱ्या वर्षाचं काम आहे, पाच आठवड्यांचं आहे, आणि आमच्याकडे कामावर बोलतात, मुलावर नाही. ज्येष्ठ माणसाला हे सांगायचा संकोच वाटतो हे मला माहीत आहे. तरी सांगा. बहुतेक जण समजून घेतात. जे घेत नाहीत त्यांना पुढच्या वेळी बोलावू नका, ते कितीही मोठे असले तरी.

मराठीत बोलायची मुभा जाहीरपणे द्या. 'हिंदी, मराठी, इंग्रजी, जी भाषा सोपी पडेल ती' असं तुम्ही स्वतः सुरुवातीला म्हटल्याशिवाय कुणी धाडस करणार नाही. शक्य असेल तर तुम्हीच पहिला प्रश्न मराठीत विचारा. जो मुलगा इंग्रजीत तीन वाक्यांत आटपतो, तोच मराठीत दहा मिनिटं आपल्या कामाबद्दल बोलतो.

क्रम रोल नंबरने लावत असाल तर तोही बदला. शेवटच्या नंबरवाल्यांची पाळी दर वेळी संध्याकाळी सहानंतर येते. तोवर जूरर थकलेले, भुकेलेले, घड्याळाकडे बघणारे. एका जूरीत पुढून, एका जूरीत मागून सुरुवात करा. उभं राहून चक्कर येणाऱ्या मुलांसाठी खुर्ची आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या.

आता प्रत्यक्ष बोलणं. समजा एका मुलाने एसटी स्टँडसाठी बाक केला आहे. सामान अडकवायला खाली हूक आहे, टेकायला पाठ आहे. बसण्याची उंची मात्र ५२ सेंटिमीटर आहे. एक जूरर म्हणतो, 'हे काय आहे? तुला बेसिकसुद्धा कळत नाही का?' मुलगा खाली बघतो, 'सॉरी सर' म्हणतो आणि त्यापुढे त्याला काही ऐकू येत नाही. दुसरा जूरर मेजरिंग टेप उचलतो आणि विचारतो, 'या उंचीवर तू कुणाला बसवून पाहिलंस? नऊवारीतल्या, पाच फूटही नसलेल्या आजी इथे बसल्या तर त्यांचे पाय जमिनीला टेकतील का?' मुलगा टेप लावून पाहतो, वहीत उंची कमी करून रेघ मारतो आणि मग विचारतो, 'सर, पण सामानाचा हूक मग खाली लागेल ना?' चूक दोघांनी तीच दाखवली, तितक्याच स्पष्टपणे. दुसऱ्याच्या प्रश्नातून मात्र मुलाच्या हाती पुढचं काम आलं.

कडक राहण्याला माझा विरोध नाही. उलट 'छान आहे, चालेल' असं गुळमुळीत बोलून मुलाला सोडून देणं हाही त्याच्यावर अन्यायच, कारण काय सुधारायचं ते कळत नाही आणि गुण कमी आले की तो गोंधळतो. काम तपासा, मापं तपासा, अभ्यास मागा. पण शीट फाडणं, मॉडेल मोडून दाखवणं, अंतिम शीटवर लाल मार्करने रेघोट्या ओढणं, मागच्या बॅचशी किंवा शेजारच्या मुलीशी तुलना करणं, कपडे, जात, गाव, बोलण्याची ढब यांवर शेरे मारणं, यातलं काहीही आपल्या वर्गात चालणार नाही हे ठरवून टाका. कुणी जूरर तसं करायला लागला तर मध्ये बोला: 'सर, आपण शीटवर येऊ या का?' मुलगा ते लक्षात ठेवतो.

जूरीत मुलाचं डोकं बधिर झालेलं असतं, त्यामुळे काय सांगितलं ते आठवत नाही. म्हणून प्रत्येकाच्या जूरीत एका मित्राला किंवा मैत्रिणीला टिपणं काढायला बसवा. संध्याकाळी ती टिपणं मुलाच्या हाती द्या. दुसऱ्या दिवशी नवं काम देऊ नका, फक्त टिपणं वाचून पुढे काय करायचं यावर पाच-पाच मिनिटं बोला. ज्याची जूरी फार वाईट गेली त्याच्याशी त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, दोन शब्द बोला.

पायरी ५: खुणा ओळखायला शिका

डिझाइनच्या शिक्षकाला एक सोय असते. आपण मुलांना तासन्‌तास एकाच खोलीत काम करताना बघतो, त्यामुळे बदल लवकर दिसतो. रोज भरणारी स्केचबुक अचानक कोरी राहते. मुलगी वर्गात येते पण काम दाखवायची पाळी आली की नेमकी बाहेर जाते. दर आठवड्याला कॉन्सेप्ट बदलला जातो, काहीच पुढे जात नाही. किंवा काम पूर्ण असतं तरी 'अजून परफेक्ट नाही' म्हणून दिलं जात नाही. वजन उतरतं, डबा तसाच परत जातो, चिडचिड वाढते, ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे कपडे. 'माझ्यामुळे ग्रुपचं वाटोळं झालं', 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशी वाक्यं. जपून ठेवलेले रंग, पेनं, आवडती पुस्तकं वाटून टाकणं. शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी बोला.

एक सावधगिरी. चित्रात काळोख, रक्त, मृत्यू आला म्हणजे मूल आजारी आहे असं नाही. कलेच्या वर्गात हे विषय येणारच. चित्रावरून निदान करू नका, चित्राबद्दल विचारा. आणि स्वतःच्या ब्रीफमध्ये 'तुमच्या आयुष्यातला सर्वांत वेदनादायक प्रसंग' असले विषय देताना दहादा विचार करा. ज्याच्यावर खरोखर काही गुदरलं आहे त्याला ते साठ जणांसमोर मांडायला लागतं. द्यायचाच असेल तर बरोबरीचा दुसरा विषय द्या आणि तो का निवडला हे विचारू नका.

पायरी ६: पहिलं बोलणं

स्टाफरूममध्ये बोलवू नका, तिथे पाच जणांचे कान असतात. दार बंद केलेली केबिनही नको. वर्ग सुटल्यावर व्हरांडा, कॅन्टीनचा कोपरा, जिना, जिथे लोक दिसतात पण ऐकू येत नाही अशी जागा चांगली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक प्रथमोपचाराची तीन कामं आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. शिक्षकाला एवढं पुरतं.

जे दिसलं ते सांगून सुरुवात करा. 'दोन आठवडे तुझं टेबल रिकामं दिसतंय. कामाचं राहू दे, तू कशी आहेस?' मग गप्प बसा. 'काही नाही मॅडम, ठीक आहे' हे पहिलं उत्तर हमखास येतं. 'बरं. पण मला काळजी वाटली म्हणून विचारलं. आत्ता नसेल बोलायचं तर गुरुवारी मी चार वाजता इथेच असेन' एवढं म्हणा आणि गुरुवारी खरंच थांबा. ती बोलायला लागली तर मध्ये तोडू नका. 'आमच्या वेळी तर', 'एवढ्यात खचून कसं चालेल', 'आईवडिलांचा विचार कर' ही तिन्ही वाक्यं बोलणं बंद पाडतात.

शंका आली तर सरळ विचारा: 'मनात जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं म्हणून मुलांना हायसं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर घाबरू नका, रागावू नका, कोणाला सांगणार नाही असं वचनही देऊ नका. 'तू सांगितलंस हे फार बरं केलंस. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला एक-दोन माणसांना सोबत घ्यावं लागेल, कुणाला घ्यायचं ते आपण मिळून ठरवू' असं म्हणा. त्याला एकटं सोडू नका. वर्कशॉपची किल्ली, कटर, रसायनं त्याच्या हाती राहणार नाहीत असं बघा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास चालते, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलाच्या हातात नंबर ठेवून निघून जाऊ नका. तुमच्याच फोनवरून लावा, शेजारी बसा. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ किंवा सरळ जवळचं रुग्णालय.

पोलिसांचं लफडं होईल म्हणून अशा गोष्टी दाबायची अजूनही सवय आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जातं आणि तिला शिक्षा केली जात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम ठेवलेलंही नाही. हे पालकांनाही सांगा, त्यांचा मोठा धाक कमी होतो.

घरी कळवायचं का? जिवाला धोका असेल तर कळवावंच लागतं, पण मुलाला सांगून. नसेल तर त्याच्या संमतीने. कधी कधी त्रासाचं मूळ घरातच असतं, म्हणून 'घरातल्या कुणाशी बोललेलं तुला चालेल?' हे आधी विचारा. बाप नको, मावशी चालेल, असं उत्तर येऊ शकतं.

पायरी ७: पुढे कुणाकडे

ही यादी सेमिस्टर सुरू होण्याआधीच तयार ठेवा. पहिली चौकशी कॉलेजातल्या समुपदेशकाची. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर दुवा ठेवायचा आहे. हेल्पलाइनचे नंबर वर्गात, हॉस्टेलवर ठळक लावायचे आहेत आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं आहे. तुमच्या कॉलेजात हे झालं आहे का ते नम्रपणे पण लेखी विचारा.

बाहेर पाहायचं तर जिल्हा सामान्य रुग्णालयातला मनोविकार विभाग कमी खर्चात उपचार देतो आणि याचा विसर पडलेला असतो. ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. पुण्यात आत्महत्या प्रतिबंधासाठी काम करणारी कनेक्टिंग, मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरची समुपदेशन सेवा. गोव्यात बांबोळीचं मनोविकार रुग्णालय आणि १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करणारी संगाथ ही संस्था. नंबर आणि वेळा स्वतः फोन करून खात्री करून घ्या, फी विचारून ठेवा. पहिल्या भेटीला मुलाबरोबर कुणीतरी जाईल असं बघा, तुम्ही नाही तर जवळचा मित्र. एकट्याने जायचं म्हटलं की पुष्कळ जण रिक्षातून अर्ध्या वाटेतून परत येतात.

पायरी ८: परत आल्यावर

महिनाभर उपचार घेऊन मूल परत आलं की सगळ्यांची नजर त्याच्यावर असते आणि बुडालेल्या सबमिशन्सचा ढीग समोर असतो. इथे बरेच जण कॉलेज सोडतात. परत येण्याआधीच त्याच्याशी आणि एचओडींशी बसून एक पान लिहा: यातली कोणती कामं गाळायची, कोणती एकत्र करायची, कोणती नंतर, कुठल्या तारखेला. विषयाचा गाभा शिकला जातोय ना एवढंच बघा, बाकी शीट माफ करता येतात. हजेरीच्या टक्केवारीसाठी वैद्यकीय कागदपत्रं कोणाकडे द्यायची ते त्याला नेमकं सांगा. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता या दोन्हींचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर जादा वेळ, लेखी निबंधाऐवजी तोंडी मांडणी अशा सोयी मागणं हा त्याचा हक्क आहे. वर्गात मात्र 'याला सांभाळून घ्या रे' असं काही जाहीर करू नका. नेहमीसारखं टेबल, नेहमीसारखी हाक आणि कामाबद्दल एक साधा प्रश्न एवढं पुरे.

पायरी ९: तुमची हद्द

तुम्ही शिक्षक आहात, थेरपिस्ट नाही. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर एकट्याने एखाद्या मुलाला सावरत बसलात तर ते दोघांसाठीही धोक्याचं आहे. संदेशांची वेळ ठरवून पहिल्याच दिवशी सांगा आणि त्या वेळेनंतर कुठे फोन करायचा तेही. गंभीर काही ऐकलंत तर त्याच दिवशी एका विश्वासू सहकाऱ्याला सांगा, तारखेसह दोन ओळी लिहून ठेवा. तासावर मानधन घेणाऱ्या व्हिजिटिंग शिक्षकाने तर हे हमखास करावं, कारण तुम्ही आठवड्यातले दोनच दिवस असता आणि मूल बाकीचे पाच दिवसही तिथेच असतं.

सेमिस्टर संपताना मुलांकडून नाव न लिहिता तीन प्रश्नांची उत्तरं घ्या. कोणत्या आठवड्यात झोप सर्वांत कमी झाली? माझं कोणतं वाक्य लागलं? कोणत्या कामात सर्वांत जास्त शिकलात? पहिल्या उत्तरावरून स्टाफरूममधल्या भिंतीवरच्या तारखा पुढच्या सेमिस्टरसाठी हलवा. दुसरं एकटं बसून वाचा. तिसऱ्यात ज्या कामाचं नावच कुणी घेतलं नसेल, ते पुढच्या वर्षीच्या ब्रीफमधून काढून टाका.